अण्णाचं माप

बाळला अण्णाला घराबाहेर काढायचं नव्हतं. फक्त अण्णाच्या ट्रॉम्बोनला काढायचं होतं. आता ट्रॉम्बोन काढायचा आणि अण्णाला ठेवायचं हे जमवायचं कसं, याचा विचार करत तो सकाळपासून दुकानातल्या व्हायोलिनांवरची धूळ पुसत होता, आणि एकच व्हायोलिन तीनतीनदा पुसून झालं तरी त्याच्या लक्षात आलं नव्हतं. साठीला टेकलेला माणूस, वाद्यांच्या बाबतीत लोक ज्याचा शब्द शेवटचा मानायचे असा. पण थोरल्या भावासमोर तोंड उघडायचं म्हटलं की तो पुन्हा धाकटा पोरगा व्हायचा. घरात त्याला अजून बाळ म्हणत, ते काही उगाच नाही.

झालं होतं असं, की नव्या सभागृहाच्या व्यवस्थापकाचा फोन आला होता. पहिल्याच कार्यक्रमाला त्याला या घरचा वाद्यवृंद हवा होता. ज्या घराचं वाद्यांचं दुकान, ज्या घरातला प्रत्येक माणूस आपापलं वाद्य वाजवतो, त्या घराला नाही बोलवायचं तर कुणाला? फक्त एक विनंती होती. व्यवस्थापक आधी खोकला.

"ते एक पितळी आहे ना तुमच्याकडे, नळी मागेपुढे करायचं... ते नाही आणलंत तर फार बरं होईल. मागच्या वेळी, जुन्या सभागृहात, पहिल्या रांगेतल्या दोन बायका रडल्या हो."

"भावनेनं?" बाळनं आशेनं विचारलं.

"नाही," व्यवस्थापक म्हणाला. "संध्याकाळी परत फोन करतो, तेव्हा काय ते सांगा."

दुपारी जेवणं उरकल्यावर सगळे दुकानावरच्या मोठ्या खोलीत बसले. या घरात बसायच्या जागा वयावरून नाही, वाद्यावरून ठरायच्या. खिडकीच्या बाजूला फुंकणारे: अण्णा, आणि ताईचा नवरा, दातांचे डॉक्टर, जे ट्यूबा, म्हणजे अंगावर घ्यायचा भला मोठा पितळी भोंगा, वाजवायचे. भिंतीच्या बाजूला घासणारे: बाळ, ज्याचा चेलो ऐकून भलेभले गप्प व्हायचे, आणि बाळची बायको, जिला सगळे धाकटी म्हणायचे, तिच्या व्हायोलिनसह. टेबलाच्या टोकाला ताई. भावंडांत ती सगळ्यांत मोठी, पण तिचा मोठा ड्रम होता आणि बडवणाऱ्याच्या शेजारी बसायला कोणी तयार नसायचं. अण्णाची बायको थोरली ॲकॉर्डियन वाजवायची. ती ना धड फुंकणारी ना धड घासणारी, म्हणून कुठेही बसायची, आणि दोन्हीकडच्या बातम्या तिच्याकडे असायच्या. कोपऱ्यात आरामखुर्चीवर डोळे मिटून आई. एवढ्या घरात वाद्य नव्हतं ते फक्त तिला. ज्यांनी हा सगळा पसारा मांडला त्या बाबांनी आपल्या बायकोचं माप कधी घेतलंच नाही. "एक माणूस ऐकायला लागतं," म्हणायचे.

आता हे माप. बाबांच्या दुकानात गिऱ्हाईकानं वाद्य मागायचं नसे. मुकाट्यानं मागच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसायचं. बाबा त्याला हसायला लावत, मेणबत्ती विझवायला लावत, एकदा जोरात "नाही" म्हणायला लावत, आणि मग त्याच्या पाठीला कान लावून उभे राहत. "तुमच्यात क्लॅरिनेट आहे," ते सांगत, आणि माणूस डोळे पुसत क्लॅरिनेट घेऊन जाई. घरातली मुलं सात वर्षांची झाली की स्टुलावर बसत. सुना आणि जावई लग्नाआधी बसत. बाबा गेल्यावर पाठीला कान लावायचं काम बाळकडे आलं, आणि खरं सांगायचं तर बाळचा कान बाबांपेक्षाही तिखट आहे असं लोक म्हणायला लागले होते.

"अण्णा," बाळ म्हणाला, "तुझी पाठ कशी आहे?"

"माझ्या पाठीला काय झालंय?"

"झालं नाही काही. पण ट्रॉम्बोन जड असतो. या वयात..."

थोरलीच्या हातातली सुई जागच्या जागी थांबली. ट्रॉम्बोनबद्दल काय बोलायचं ते बोलायचा हक्क तिचा होता, आणि लग्न झाल्यापासून तिनं तो भरपूर वापरला होता. वरच्या मजल्यावरचं भाडेकरू कुटुंब ट्रॉम्बोनमुळे गेलं, त्यानंतरचंही गेलं, हे तिनं नवऱ्याला हजारदा ऐकवलं होतं. पण दुसऱ्या कुणी ऐकवायचं म्हणजे तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"भाऊजी, नमनाला घडाभर तेल कशाला?" ती म्हणाली. "काय ते सरळ बोला."

बाळनं सरळ सांगितलं. दोन रडलेल्या बायकांपर्यंत सगळं.

"हे बरंय!" डॉक्टर उसळले. "दरवेळी आम्हा फुंकणाऱ्यांवरच गदा! घासणाऱ्यांनी काहीही केलं तरी चालतं. अण्णा नाही तर मीही नाही. सांगा जाऊन त्यांना."

"तुमचा ट्यूबा त्यांना हवाय, डॉक्टर. मुद्दाम विचारत होते."

"असं?" डॉक्टर खाली बसले. "नेमकं काय म्हणाले?"

"घ्या," ताई म्हणाली, "विरघळला आमचा माणूस."

"मी नुसतं विचारलं, काय म्हणाले म्हणून."

"वाजवा हो तुम्ही तुमचा भोंगा. माझ्या भावाच्या अंगावर पाय देऊन वाजवा!"

"ताई, तूच मागच्या महिन्यात म्हणालीस की अण्णा वाजवायला लागला की तुला कवळी काढून ठेवावीशी वाटते," बाळ म्हणाला.

"ते मी घरात म्हणाले! सभागृहात म्हणाले का?"

धाकटीची पंचाईत झाली होती. तिला अण्णाचं वाईट वाटत होतं आणि सभागृहात जायचंही होतं, आणि या दोन्हींची मोट तिला बांधता येत नव्हती. "अण्णाभाऊजींनी टाळ्या वाजवल्या तर?" तिनं सुचवलं. "म्हणजे बसायचं आमच्यातच, फक्त..."

तिचं वाक्य तिनंच गिळलं, कारण अण्णा हसला.

"त्या दोन बायका मीही बघितल्या होत्या," तो म्हणाला. "मला वाटलं, आज जमलं."

धाकटी उगाच पदर सारखा करायला लागली.

"बाळ, तुझं बरोबर आहे," अण्णा पुढे म्हणाला. "बाबा म्हणाले, तुझ्यात ट्रॉम्बोन आहे. पन्नासच्या वर वर्षं झाली, रोज संध्याकाळी मी त्याला शोधतोय. गिऱ्हाईकासमोर वाजवून दाखवता येईना म्हणून बाबांनी मला गोदामात बसवलं, तेही मी समजू शकतो. बाबा काही चुकायचे नाहीत. म्हणजे तो आत असणार. माझ्याच्यानं बाहेर निघत नाही, एवढंच. माझ्यातच खोट आहे. राहीन मी घरी."

थोरलीनं पदर डोळ्याला लावला, आणि तो लावलेला बाळला दिसेल याची काळजी घेतली.

आई झोपली नव्हती. या घरात डोळे मिटून बसलं की माणसं मोकळेपणी बोलतात, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हेही तिला माहीत होतं आणि तिनं ती मूठ जन्मभर घट्ट धरली होती. पण "माझ्यातच खोट आहे" हे पोटच्या पोरानं म्हातारपणी म्हणावं, आणि आपण घोरण्याचं सोंग करावं, हे काही तिला झेपेना.

"तुझं माप झालंच नव्हतं रे," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"तू डबल बासच्या पेटीत लपून बसला होतास. बाबा पाठ चिरून आत बघतात, असं ताईनं तुला सांगितलं होतं."

"मी लहान होते!" ताई म्हणाली.

"दहा वर्षांची होतीस आणि चांगली कळती होतीस. तर हा बाहेर येईना, आत हे ओरडायला लागले. मग मी बाळला अण्णाचा स्वेटर घातला आणि आत ढकललं. पाचाचा होता, पण अंगानं सातासारखा. खायचाच तसा."

"टोचणारा," बाळ हळूच म्हणाला. "हिरवा. मला वाटायचं ते स्वप्न होतं."

"स्वप्न कसलं! मेणबत्ती विझवून आलास आणि बक्षीस म्हणून पेढा मागितलास."

"म्हणजे ट्रॉम्बोन माझ्यात आहे?" बाळ म्हणाला. "पण दोन वर्षांनी मी परत बसलो तेव्हा चेलो निघाला!"

"एका माणसात दोन वाद्यं?" धाकटी म्हणाली, आणि नाही नाही म्हणता तिच्या आवाजात थोडा तोरा आलाच.

"वा! तुमच्या नवऱ्यात दोन आणि माझ्या नवऱ्यात एकही नाही? हा कुठला न्याय?" थोरली म्हणाली. "माझ्या नवऱ्याला काय उष्ट्यावर वाढवलं?"

"वहिनी, मी काय मुद्दाम..."

"थांबा," अण्णा म्हणाला. तो उभा राहिला होता. त्याचा चेहरा असा काही उजळला होता की थोरलीसुद्धा भांडायची थांबली. "म्हणजे माझ्यात ट्रॉम्बोन नव्हताच. नव्हता, म्हणून सापडला नाही! माझं जे काही आहे ते अजून आतच आहे, कुणी हातही लावलेला नाही त्याला. बाळ, चल खाली. माझं माप घे."

मागची खोली दोन माणसांची होती, तिच्यात पाच शिरली. आईला डॉक्टरांनी धरून जिन्यानं खाली आणलं आणि दारातल्या खुर्चीत बसवलं.

अण्णा स्टुलावर बसला. हसायला सांगितल्यावर त्याला हसू येईना, तेव्हा ताईनं त्याच्या काखेत बोट घातलं. मेणबत्ती एका फुंकरीत विझली. फुंकायची सवय होतीच.

"आता जोरात 'नाही' म्हण."

अण्णानं "नाही" म्हटलं. त्या एका नाहीत गोदाम होतं, बाबा होते, रोजची संध्याकाळ होती. रस्त्यावरून चाललेला कोणीतरी सायकलवरून उतरला.

बाळनं भावाच्या पाठीला कान लावला. सदरा घामानं ओला झाला होता. आत अण्णाचं काळीज धडधडत होतं, जेवण जिरत होतं. याशिवाय काही नाही. बाळ घाबरला. एरवी इथवर आलं की त्याला आपोआप ऐकू यायचं. कसं ते त्यालाही माहीत नव्हतं. आज त्याला ऐकू यायलाच हवं होतं. एवढा मोठा झालेला भाऊ लहान पोरासारखा श्वास रोखून बसला होता. बाळची नजर काकुळतीला येऊन खोलीभर फिरली, कपाटावरून, शिड्यांवरून, कोपऱ्यापर्यंत गेली. आणि आलं की ऐकू!

"हार्प," तो म्हणाला.

"अगंबाई!" धाकटी म्हणाली.

"हार्प," अण्णानं डोळे मिटले. त्याच्या गालावरून पाणी ओघळलं. "मला नेहमी वाटायचं, मी आतून मऊ आहे."

"मी म्हणतच होते!" थोरली म्हणाली. तिनं असं कधीच म्हटलेलं नव्हतं.

"ती कोपऱ्यातली हार्प अजून विकली गेली नाही वाटतं?" आईनं दारातून विचारलं.

बाळनं हळूहळू मान वळवली. कोपऱ्यात माणसाएवढी, उभ्या तारांची हार्प होती. गेली कित्येक वर्षं तिथेच होती, आणि तिच्यावर पावसाळी कोट वाळत टाकायची सगळ्यांना सवय झाली होती.

"आई, तुला काय म्हणायचंय?"

"मला काय म्हणायचंय! तुझ्या वडिलांनाही नेहमी न खपलेलंच ऐकू यायचं. पाठीला कान लावला की एक डोळा मिटायचे. दुसरा मालावर. बाळ आत आला तेव्हा ओळखलं की त्यांनी त्याला. रात्री मला म्हणाले, कुणी का बसेना, तो पोचा आलेला ट्रॉम्बोन एकदाचा निघाला."

"म्हणजे बाबा लोकांना फसवायचे?" ताईचा आवाज चढला.

"जीभ आवर! गिऱ्हाईकाला त्यांनी जन्मात कधी फुटका माल दिला नाही. सचोटी म्हणजे सचोटी. फुटका माल गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारायचा नाही, हा त्यांचा बाणा होता." आईनं मांडीवरचा पदर सारखा केला. "मग तो जाणार कुठे? घरातच ना."

प्रत्येक जण मनातल्या मनात आपापल्या वाद्याला उलटंपालटं करून बघत होता.

"माझं व्हायोलिन," धाकटी म्हणाली. "ते डावऱ्या हाताचं आहे. मी लिहिते उजव्यानं, जेवते उजव्यानं. बाबा म्हणाले, पोरी, तुझा सूर डावरा आहे. मी तीस वर्षं उलटं घासतेय! ह्यांच्या कानात माझा गज जातो!"

"कारागिरानं चुकून उलटं बनवलं होतं ते," आई म्हणाली. "त्याच आठवड्यात तुझं स्थळ आलं."

"माझ्या ॲकॉर्डियनच्या दोन पट्ट्या वाजत नाहीत," थोरली म्हणाली. "मला वाटायचं, माझ्या बोटांत जोर नाही. रडलेय मी त्या दोन पट्ट्यांपायी, सासूबाई!"

"आणि ट्यूबा?" डॉक्टरांनी विचारलं. ते पडलेल्या आवाजात बोलत होते. "बाबा म्हणाले होते, जावईबापू, फार दुर्मीळ माप आहे तुमचं."

"दुर्मीळ म्हणजे, असा ट्यूबा आम्ही परत नाही आणला," आई म्हणाली. "दारात पडून होता. मांजरीनं पिल्लं घातली होती त्यात. तुम्ही देखणे होतात, खांदे रुंद होते. ताईलाही तुम्ही पसंत होतात, सगळंच मार्गी लागलं."

डॉक्टर खाली बसले. बसायला जागा नव्हती, तरी बसले.

"माझ्या चेलोच्या पाठीला चीर आहे," बाळ स्वतःशीच म्हणाला. "लोक म्हणतात, चीर आहे म्हणून त्याला दर्द आहे."

"आणि माझा ड्रम?" ताईनं दबकत विचारलं.

"तुझा नवा कोरा होता. चांगला खपणारा. पण तुझ्यासाठी त्यांनी तो मुद्दाम काढून ठेवला. तू पाळण्यात असल्यापासून बडवत होतीस."

"म्हणजे एवढ्या सगळ्यांत फक्त मी खरंच ड्रम आहे?" ताई किंचाळली. एवढा अपमान तिचा कुणी केला नव्हता. ती तरातरा पुढच्या दुकानात गेली आणि काचेच्या कपाटातून तिनं एक बासरी उचलली.

मग काय, बांधच फुटला. धाकटीनं उजव्या हाताचं व्हायोलिन घेतलं, दोनदा घासलं, सवय मोडेना, आणि रागानं ते ठेवून सॅक्सोफोन घेतला. थोरली पियानोसमोर जाऊन बसली आणि एकेक पट्टी दाबून बघायला लागली, प्रत्येक पट्टी वाजली की "ही पण!" असं म्हणायची. डॉक्टरांनी दुकानातलं सगळ्यांत लहान वाद्य मागितलं, तेव्हा त्यांना माउथ ऑर्गन मिळाला, आणि एवढ्या रुंद खांद्यांचा माणूस तो दोन बोटांत धरून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आवाज असा झाला की समोरच्या न्हाव्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं.

या गदारोळात अण्णा एकटा हार्पसमोर बसला होता. त्यानं तिच्यावरचे कोट उचलले, घड्या घालून बाजूला ठेवले, आणि एक तार छेडली. मग दुसरी. मग सगळी बोटं एकदम फिरवली.

हळूहळू बाकीचे थांबले. कारण गोड होतं ते. अण्णाच्या हातून आयुष्यात पहिल्यांदा असं काही निघत होतं की ज्यानं कुणाच्या दातांत कळ आली नाही. थोरली पियानोवरून उठली. बघा, तिच्या मनात आलं, बघा सगळ्यांनी, हा माझा नवरा.

"जमतंय, अण्णा!" धाकटी म्हणाली.

"हो," अण्णा म्हणाला. "जमतंय." आणि पाव्हण्यांच्या पोराच्या पाठीवरून हात फिरवावा तसा त्यानं पुन्हा एकदा तारांवरून हात फिरवला.

बाळ मात्र मागेच होता. त्याच्या मनातून तो हिरवा स्वेटर जात नव्हता. माल असो की माप, पाचव्या वर्षी बाबा त्याच्याकडे बघून ट्रॉम्बोन म्हणाले होते. वाजवून बघायला काय हरकत होती? जिन्याखाली अण्णाचा ट्रॉम्बोन उभा होता. बाळनं तो उचलला, ओठांना लावला आणि फुंकला.

जे निघालं त्याला आवाज म्हणणं धाडसाचं आहे. इतका मुरलेला वादक, पण अण्णाच्या सगळ्यांत वाईट संध्याकाळीही असं काही निघालं नव्हतं. बाळनं नळी पुढे ढकलली. ती मध्येच अडली. त्यानं जोर लावला.

"ए!"

हार्पचं स्टूल आडवं झालं. अण्णा माणसांतून वाट काढत आला आणि त्यानं बाळच्या हातातून ट्रॉम्बोन हिसकावून घेतला.

"मोडशील! तिथे पोचा आहे ना. तिथे ढकलायचं नसतं. तिथे क्षणभर थांबायचं, त्याला मनवायचं, मग तो आपणहून पुढे जातो. तुला काय माहीत? आणि ओठ असे? अरे, तो काय गरम चहा आहे फुंकायला?"

"मी नुसतं बघत होतो..."

"विचारायचं आधी! माझा आहे तो!"

हे बोलून अण्णा स्वतःच दचकला. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"पण अण्णा, हार्प तुला येतेय," बाळ म्हणाला. "पहिल्या दिवशी एवढी गोड!"

"येतेय रे." अण्णानं सदऱ्याच्या बाहीनं ट्रॉम्बोनचं तोंड पुसलं. "गोडही येतेय. पण ती माझी कोण? याच्याशी मी एवढी वर्षं भांडलोय. कुणी गळ्यात मारला म्हणून भांडलो असेन. पण आज तू तोंड लावलंस, आणि माझ्या पोटात असं तुटलं..." त्यानं पोच्यावरून अंगठा फिरवला. मग तो म्हणाला, "बाबांनी दिला नसता तरी मी हाच घेतला असता. आता घेतो."

त्यानं वाजवला. खोटं कशाला सांगायचं, भयंकर होतं ते. पोच्याशी नळी अडली, अण्णा थांबला, मनवलं, पुढे गेला. पण आज तो आत काही शोधत नव्हता आणि कुणाची क्षमाही मागत नव्हता. थोरलीनं कानांवर हात ठेवले आणि तशीच ती रडत होती, भावनेनं.

फोन वाजला तेव्हा तो घ्यायला बाळच जवळ होता. व्यवस्थापक होता. बाळनं दुकानभर नजर टाकली. ताई बासरीच्या चुकीच्या टोकात फुंकत होती. धाकटीच्या हातात आता झांजा होत्या. डॉक्टर पियानोखाली वाकून तो कसा चालतो ते बघत होते.

"हो, ठरलं आमचं," सुजलेल्या ओठांनी बाळ म्हणाला. "नाही नाही, ट्रॉम्बोन नक्की आहे. बाकी कोणाचं काही सांगता येत नाही."